दाराशीं पांच डॉलर

आमच्या घराच्या माडीवरील मागच्या खोलींत पूर्वीं लोणच्याच्या बरण्या, जुन्या पंचांगांचे गठ्ठे आणि एक मोडका पाळणा असे. गेल्या दोन वर्षांपासून तेथें भिंतींना गाद्या टेकवून उभ्या केल्या आहेत, आणि त्या गाद्यांच्या मधोमध माझा पुतण्या व त्याचे तीन मित्र विजेच्या गिटारी, ड्रम व ध्वनिवर्धक मांडून बसतात. या मंडळीस ते 'बँड' म्हणतात आणि तींतून जें निघतें त्यास 'रॉक' म्हणतात. तें संगीत आहे कीं नाहीं या वादांत मी पडत नाहीं. ज्या कानांनीं साठ वर्षें दुसरेंच ऐकलें, त्यांना या खटल्यांत पंच म्हणून बसण्याचा अधिकार नाहीं, इतकें मला समजतें. परंतु गेल्या श्रावणांत त्या खोलींतून एक कागद खालीं ओटीवर आला. तो व्यवहाराचा होता, म्हणून त्यावर माझें मत विचारण्यांत आलें.

कागद एका कंपनीचा होता. मुलांनीं स्वतः ध्वनिमुद्रित केलेलीं दहा गाणीं कंपनीनें घ्यावीं, त्याबद्दल एकरकमी कांहीं रुपये द्यावे, आणि त्या गाण्यांवरील सर्व हक्क यावच्चंद्रदिवाकरौ कंपनीकडे राहावे, असा त्याचा मथितार्थ. पुढील दोन ध्वनिमुद्रणांचा खर्च कंपनी करील, परंतु तो मुलांच्या वांट्यांतून आधीं वळता करून घेईल, असेंहि एक कलम बारीक अक्षरांत होतें. माझे धाकटे बंधु म्हणाले, "दादा, सही करायची तर आजच करावी, नाहींतर हें खूळ बंद करून नोकरी धरावी. मधला मार्ग मला दिसत नाहीं." पुतण्या म्हणाला, "अण्णाकाका, मधला मार्ग आहे. तुम्ही आधीं फुगाझीची हकीकत पाहा, मग बोलूं."

फुगाझी हें एखाद्या परदेशी पक्वान्नाचें नांव असावें अशी माझी समजूत झाली. तें निघालें वॉशिंग्टन शहरांतील चार वादकांच्या मंडळीचें नांव. आणि शब्द व्हिएतनामच्या युद्धांतील अमेरिकन शिपायांच्या रांगड्या बोलींतला, अर्थ 'पार विसकटलेली अवस्था' अशासारखा. नांवावरून माझें मत अनुकूल होण्याचें कारण नव्हतें. तरी पुतण्यानें दिलेल्या मुलाखती, चित्रपट व याद्या मीं महिनाभर चाळल्या, आणि जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवण्यासारखें वाटतें.

ही कथा फुगाझीच्या आधीं सात वर्षें, १९८० सालीं सुरू होते. वॉशिंग्टन हें अमेरिकेच्या राजधानीचें शहर. कचेऱ्या, कारकून आणि मुत्सद्दी यांचें गांव. गाण्याबजावण्याचा धंदा न्यूयॉर्क व लॉस एंजिलिस येथें. अशा शहरांत इयन मकाय व जेफ नेल्सन या एकाच शाळेंतल्या दोन मुलांनीं आणखी दोघांसह 'टीन आयडल्स' नांवाचा बँड काढला होता. तो वर्षभर चालला आणि मोडला. मोडतांना चौघांच्या सामाईक पैशांत सुमारें ६०० डॉलर शिल्लक होते. आतां अठरा वर्षांच्या मुलांनीं अशा प्रसंगीं काय करावें? वांटणी करून घ्यावी. यांनीं ती केली नाहीं. जो बँड आतां अस्तित्वांतच नव्हता त्याच्या गाण्यांची एक छोटी तबकडी त्यांनीं त्या पैशांतून काढली; प्रती एक हजार. पाकिटें छापून व चिकटवून घेण्यास पैसे पुरत नव्हते, म्हणून एका इंग्लिश तबकडीचें पाकीट उकलून, त्याची घडी कशी पडते तें कागदावर गिरवून, त्या बेतानें छापलेले ताव त्यांनीं कात्रीनें कापले, दुमडले आणि डिंकानें चिकटविले. पुढें कित्येक तबकड्यांचीं पाकिटें अशींच घरच्या जमिनीवर बसून झालीं. आमच्या लहानपणीं दरवर्षीं जूनमध्यें वह्या-पुस्तकांना खाकी कागदाचीं वेष्टनें घालण्याचा जो समारंभ घरोघर चाले, त्याची मला हें ऐकून आठवण झाली.

या उद्योगास त्यांनीं 'डिस्कॉर्ड' हें नांव दिलें. त्याचा अर्थ विसंवाद; नांवांतच पुढचा सूर सांगून ठेवला म्हणावयाचें. १९८१ सालीं नदीपलीकडे आर्लिंग्टन येथें एक साधें घर भाड्यानें घेऊन मंडळी एकत्र राहूं लागली आणि तेंच डिस्कॉर्डचें कार्यालय झालें. बँडशीं लेखी करार करावयाचा नाहीं, खर्च वजा जातां जो नफा उरेल तो निम्मा-निम्मा वांटून घ्यावयाचा, असा तेथील शिरस्ता.

वयाच्या प्रश्नाचेंहि येथेंच सांगून टाकतों, कारण पुढील सर्व व्यवस्था त्यावर उभी आहे. अमेरिकेंत असले कार्यक्रम बहुधा मद्यगृहांत होतात. मालकाची खरी कमाई गाण्यावर नसून पेल्यांवर असते, आणि ज्यास कायद्यानें दारू विकतां येत नाहीं त्या पोरास तो दारांतच अडवितो. म्हणजे गाणारे अठरांचे, ऐकणारे सोळांचे, आणि दोघांच्या मध्यें दारूचा हिशेब! टीन आयडल्स १९८० सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोस गेले असतां तेथील एका जागेंत मुलांच्या हातावर काळ्या शाईची मोठी फुली मारून आंत सोडीत. फुली दिसली कीं दारू द्यावयाची नाहीं. ही युक्ति त्यांनीं वॉशिंग्टनला आणली. मकाय स्वतः दारू-तंबाखूस शिवत नाहीं आणि दूधतुपासकट सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य करतो. हें मीं स्वयंपाकघरांत सांगितलें तेव्हां पुतण्याची आई म्हणाली, "म्हणजे एकादशीला आपल्यापेक्षां कडकच कीं!" त्या दिवसापासून माडीवर चहा वेळेवर जाऊं लागला.

फुगाझीचा पहिला प्रयोग ३ सप्टेंबर १९८७ रोजीं वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्यें झाला. मूळची ती प्रार्थनामंदिराची इमारत, पुढें त्या वास्तूंत शाळा आली. मकाय गिटार वाजवी व गाई, जो लॅली खर्जाची गिटार वाजवी, ब्रेंडन कँटी ड्रमवर. गी पिचोटो हा चौथा थोड्या दिवसांनीं येऊन मिळाला. तेथून १९८८ ते २००१ पर्यंत त्यांच्या तबकड्या डिस्कॉर्डनेंच काढल्या, आणि २००२ पर्यंत सुमारें हजार प्रयोग अमेरिकेच्या पन्नासहि राज्यांत, युरोपांत, जपान-ऑस्ट्रेलियांत झाले. दाराशीं तिकीट बहुतेक ठिकाणीं पांच डॉलर. कोणत्याहि वयाच्या माणसास प्रवेश. खुद्द वॉशिंग्टनमध्यें तर त्यांचे जवळजवळ सर्व प्रयोग मोफत किंवा एखाद्या सार्वजनिक कार्याच्या मदतीसाठीं असत. जानेवारी १९९१ मध्यें आखाती युद्धाच्या विरोधांत अध्यक्षांच्या निवासासमोरील बागेंत, हाडें गोठविणाऱ्या थंडींत, ते वाजवीत उभे होते.

हा पांच डॉलरांचा आंकडा प्रथम मला दिखाऊ वाटला. स्वस्ताईचें प्रदर्शन करून पुण्य मिळविणारे लोक आपण पाहिलेले आहेत. पण हिशेब मांडून पाहिला तेव्हां मत बदलावें लागलें. उदाहरणादाखल चारशें श्रोते धरा. दोन हजार डॉलर जमले. त्यांतून सभागृहाचें भाडें, ध्वनियंत्रणा व दारावरचीं माणसें यांचें द्यावयाचें. जे उरले त्यांत इतर मंडळींना व्यवस्थापकाचा हिस्सा, प्रयोग ठरविणाऱ्या मध्यस्थाची दलाली, दिव्यांच्या मालमोटारी, हमाल, चांगलीं हॉटेलें हें सारें बसवावें लागतें, आणि तें बसत नाहीं म्हणून तिकीट वीस डॉलरांचें होतें. फुगाझीनें हीं माणसें ठेवलींच नाहींत. प्रयोग ठरविण्याचे दूरध्वनि मकाय स्वतः करी. सामान एका गाडींत, चढविणारे-उतरविणारे बहुतेक तेच. दिवे जे असतील ते. मद्यगृह सोयीचें नसेल तेथें प्रार्थनामंदिराचें तळघर, व्यायामशाळा, वस्तीचें सभागृह. ज्याचा खर्च पांचांत भागतो त्यास वीस मागण्याची गरज पडत नाहीं, आणि वीस मागण्याची गरज पडत नाहीं त्यास दारू विकणाऱ्या मालकाच्या अटी ऐकाव्या लागत नाहींत. सोळा वर्षांचा पोरगा खाऊच्या पैशांत आंत येतो.

त्या पांच डॉलरांचा आणखी एक उपयोग ऐकून मी थक्क झालों. असल्या प्रयोगांत पुढच्या रांगांतील कांहीं दांडगे एकमेकांवर आदळत, लाथा झाडीत, आणि दुबळ्यांना व मुलींना मागें हटावें लागे. फुगाझी अशा वेळीं मध्येंच वाजविणें थांबवी आणि मकाय त्या इसमास 'महाशय' म्हणून संबोधून शांत राहण्यास सांगे. ऐकलें नाहीं तर पाकिटांत तयार ठेवलेले पांच डॉलर त्याच्या हातीं देऊन त्यास दाराबाहेर पोंचविण्यांत येई. तिकिटाचे पैसे परत, तक्रारीस जागा नाहीं. चाळीस वर्षें वर्ग सांभाळलेल्या माणसास या युक्तीचें मोल कळेल. वर्गांतून मुलास बाहेर घालवितांना आपण त्याचें कांहीं तरी ठेवून घेतों, म्हणून तो खिडकींतून तोंड वेडावीत राहतो.

त्यांनीं सदरे, टोप्या वगैरे नांव छापलेला माल कधीं विकला नाहीं. तेव्हां कोणी एका चलाख माणसानें 'हा फुगाझीचा सदरा नव्हे' असें छापून सदरे विकले, आणि ते खपले! दारू-तंबाखूच्या जाहिराती छापणाऱ्या मोठमोठ्या मासिकांना ते मुलाखती देत नसत. तबकडीच्या वेष्टनावर टपालखर्चासह किंमत छापलेली असे, म्हणजे दुकानदारानें अधिक मागितल्यास घेणाऱ्यास थेट आर्लिंग्टनला लिहितां यावें.

आतां ध्वनिमुद्रणाकडे येतों, कारण आमच्या ओटीवरील कागद त्याचाच होता. फुगाझीचें बहुतेक मुद्रण डॉन झिएंटारा या गृहस्थाच्या 'इनर इअर' नांवाच्या मुद्रणगृहांत झालें. तें मूळ त्याच्या राहत्या घराच्या तळघरांत होतें, १९९० सालीं स्वतंत्र जागेंत गेलें, आणि ती इमारत स्थानिक सरकारनें घेतल्यामुळें २०२१ सालीं बंद झालें. मुद्रणांत वेळ कोठें जातो हें मला पुतण्यानें दाखविलें. प्रत्येक वाद्य निराळ्या पट्टीवर उतरवितात. मग त्या पट्ट्या एकमेकींत मिसळून कोणतें वाद्य किती पुढें, किती मागें, तें ठरवितात. एकेका गाण्यावर दिवस जातो, आणि मुद्रणगृहाचा आकार दिवसावर किंवा तासावर असतो.

१९९२ सालीं फुगाझीची मंडळी शिकागोस जाऊन स्टीव्ह अल्बिनी या नामांकित मुद्रकाकडे नवीं गाणीं मुद्रित करून आली. काम चाललें असतां सर्व आनंदांत होते. घरीं येऊन शांतपणें ऐकलें तेव्हां तें त्यांना उतरलें नाहीं. खुद्द अल्बिनीचेंहि तेंच मत पडलें. तेव्हां तें सारें बाजूस ठेवून इनर इअरमध्यें पुन्हां पहिल्यापासून मुद्रण केलें, आणि ती तबकडी १९९३ सालीं 'इन ऑन द किल टेकर' या नांवानें निघून अमेरिकेंतील खपाच्या पहिल्या दोनशेंच्या यादींत गेली. या प्रसंगावर मी बराच वेळ थांबलों. केलेलें काम टाकून देण्याचा हक्क कोणास असतो? ज्याच्या पैशानें तें झालें त्यास. कंपनीच्या पैशानें मुद्रण झालें असतें तर तो खर्च त्यांच्या खात्यावर नांवें पडला असता, आणि तो फिटेपर्यंत 'आम्हांला हें आवडलें नाहीं' असें म्हणण्यास त्यांना तोंड राहिलें नसतें. मोठ्या कंपन्या जी आगाऊ रक्कम देतात ती बक्षीस नसते. ती कलावंताच्या वांट्यांतून वळती होत राहते, आणि ती फिटल्यावरहि मुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडेच असते. घरासाठीं कर्ज काढावें, हप्ते आपण भरावे, आणि शेवटीं घर सावकाराचेंच राहावें, अशांतला हा प्रकार.

येथें मला स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे, कारण ओटीवर बसून मीं ती घरच्यांना प्रथमच सांगितली. पंचवीस वर्षांपूर्वीं मीं शाळेंतील मुलांसाठीं संस्कृत शब्दरूपांचें व समासांचें एक लहानसें पुस्तक लिहिलें. समासांच्या प्रकरणास मला दोन उन्हाळे लागले. एका प्रकाशकानें पांच हजार रुपये देऊन सर्व हक्क लिहून घेतले. मुलीचें लग्न जवळ आलें होतें, मीं कागद न वाचतां सही केली. दुसऱ्या आवृत्तींत समासांचें प्रकरण गाळून त्या जागीं परीक्षेस हमखास येणारे प्रश्न घातले गेले, आणि 'पितृ' शब्दाचें द्वितीयेचें अनेकवचन 'पितरः' असें छापलें गेलें. मुखपृष्ठावर नांव माझें. निवृत्त होईपर्यंत दरवर्षीं एखादा हुशार विद्यार्थी तें पान उघडून माझ्यापुढें येई आणि भीत भीत विचारी, "सर, येथें 'पितॄन्' पाहिजे ना?" मी "होय" म्हणें. त्यापुढें त्यास काय सांगावें हें मला कधीं सुचलें नाहीं.

हें ऐकून बंधु कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "दादा, तें खरें. पण तुम्हांला महिन्याचा पगार होता. या पोरांना काय आहे?"

ही शंका उडवून लावण्यासारखी नाहीं, आणि पुतण्याच्या उत्साहांत तिला पुरेसें उत्तर नव्हतें. फुगाझीच्या काळीं श्रोता तबकडी विकत घेई. निम्म्या-निम्म्या वांटणींतून चौघांचें चाले. आज मुद्रण घरच्या संगणकावर गाद्यांच्या आडोशानें होतें हें खरें, परंतु विकत घेणारा उरला नाहीं; मोबाइलवर गाणें एकदां ऐकलें गेलें कीं करणाऱ्याच्या पदरीं एक रुपयाहि पडत नाहीं, त्याचा कांहीं अंश पडतो. शिवाय डिस्कॉर्ड एकटी नव्हती. तबकड्या दाबून घेणें व दूरदूर पोंचविणें हें काम लंडनच्या सदर्न या संस्थेनें जॉन लोडर याच्या देखरेखीखालीं पुष्कळ वर्षें सांभाळलें. तेव्हां स्वतःचें स्वतः केलें म्हणतांना हे मागचे हात विसरतां येत नाहींत. जी माणसें पाठीशीं असल्यामुळें मकाय 'नाहीं' म्हणूं शकला, तशीं माणसें आमच्या मुलांस अद्याप भेटावयाचीं आहेत.

आणि शेवटीं संसारानें फुगाझीसहि गांठलेंच. ४ नोव्हेंबर २००२ रोजीं लंडन येथें त्यांचा अखेरचा प्रयोग झाला. कँटीच्या घरीं लहान मुलें होतीं, इतरांच्या कौटुंबिक जबाबदाऱ्या वाढल्या होत्या, महिनोन्महिने गाडींत काढणें अशक्य झालें. एकाच्या जागीं दुसरा घेऊन चालविण्यास चौघेहि तयार नव्हते, म्हणून मंडळी थांबली. मोडली असें तीं माणसें आजवर म्हणत नाहींत. मी पुतण्याच्या आईस म्हणालों कीं, त्यांच्याकडे आजी-आजोबा एका छपराखालीं असते तर कदाचित् आणखी दहा वर्षें निघालीं असतीं. ती म्हणाली, "मुलें कोणी संभाळलीं असतीं तें तुम्ही सांगितलेंत, भाऊजी. कोणाच्या कमरेवर, तें नाहीं सांगितलेंत." यावर मजजवळ उत्तर नव्हतें व नाहीं.

जातां जातां एक गोष्ट मात्र मला फार आवडली. त्यांच्या प्रयोगांचें मुद्रण त्यांचा ध्वनियंत्रक जवळजवळ प्रत्येक वेळीं करून ठेवी. २०११ पासून डिस्कॉर्डनें त्यांतील आठशेंहून अधिक प्रयोग ऐकणाऱ्यांस खुले केले. ठरलेली किंमत पांच डॉलर. कोणास कमी द्यावयाचे असतील तर एक, अधिक द्यावयाचे असतील तर शंभरपर्यंत. चुकलेले सूर, तुटलेल्या तारा, मध्येंच थांबून केलेल्या समजुती, सारें आहे तसें. लेखकाच्या हस्तलिखितावर त्याचाच ताबा असला म्हणजे खाडाखोडीसकट तें दाखविण्यास तो भीत नाहीं.

कार्तिकांत मुलांनीं आमच्या गल्लीपलीकडील शाळेचें सभागृह घेऊन कार्यक्रम केला. तिकीट शंभर रुपये, वयाची अट नाहीं, बाहेर कॉफी व बटाटेवडे. दाराशीं पेटी घेऊन बसण्यास विश्वासाचा मनुष्य पाहिजे म्हणून माझी नेमणूक झाली. त्रेसष्ट माणसें आलीं. त्यांत सहा तर माझ्याच जुन्या वर्गांतलीं, आतां मुलाबाळांचीं. सभागृहाचे अडीच हजार, ध्वनियंत्रणेचे दोन हजार, टेंपोचे सातशें. आंत दुसरें गाणें सुरू झालें तेव्हां शेजारच्या सोसायटींतील एक माझ्याच वयाचे गृहस्थ कानांवर हात ठेवून बाहेर आले व म्हणाले, "मास्तर, मला भावगीतांचा कार्यक्रम वाटला हो." मीं त्यांना पाकिटांत घालून शंभर रुपये परत दिले. रात्रीं ओटीवर हिशेब झाला तेव्हां खर्च वजा जातां एक हजार उरले. चौघांस प्रत्येकीं अडीचशें. बंधूंनीं चष्मा लावून बेरीज पुन्हां एकदां तपासली, बरोबर आहे म्हणाले, आणि पाकिटांतून परत गेलेले शंभर कोणत्या खात्यांत दाखविले तें विचारलें. कंपनीचा कागद माझ्या अमरकोशांत ठेवलेला आहे. उत्तरास मुदत माघ अखेरपर्यंत आहे.